घटक ५ : कचेरी, कोर्ट आणि कागद – पनवेल तालुक्याच्या न्यायसंस्थेचा इतिहास

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण स्थानिक इतिहासाची साधने पाहिली. देवळे, किल्ले, वीरगळ, बखरी आणि घराण्यांची दप्तरे ही साधने आपल्या परिचयाची आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घराशी त्यांच्याहूनही जवळचा संबंध असलेल्या एका स्थळाकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. ते स्थळ म्हणजे तालुक्याची कचेरी आणि तेथील न्यायालय. वडिलांनी किंवा आजोबांनी तेथे तारखेसाठी खेपा घातलेल्या असतात. घरातील पत्र्याच्या पेटीत एखादा हुकूमनामा, एखादी नक्कल, शाई फिकट झालेला एखादा मोडी कागद जपून ठेवलेला असतो. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे आज घरातील कोणालाही वाचता येत नाही. तरीही तो टाकून देण्याचा धीर कोणाला होत नाही. या घटकाचा अभ्यास अशाच कागदापासून सुरू करावा, अशी आमची अपेक्षा आहे.

उदाहरण म्हणून आपण रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुका घेतला आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे जुने बंदर आणि बाजारपेठ. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली आणि २०१६ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पनवेलचे न्यायालय प्रेसिडेन्सीतील एखाद्या भव्य वास्तूसारखे प्रसिद्ध नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने ते अभ्यासाला सोयीचे आहे. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांची कहाणी तेथे दिसते.

हा घटक वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवा. न्यायालयाचा इतिहास हा त्याच्या इमारतीचा इतिहास नसतो. तेथे कोण बसत होते, त्याचा अधिकार किती रकमेपर्यंत व कोणत्या हद्दीपर्यंत चालत होता, तेथील भाषा कोणती होती आणि दाद मागणाऱ्याला तेथवर पोहोचता येत होते की नाही, हे प्रश्न दगडी जोत्याच्या बांधकामवर्षापेक्षा अधिक महत्त्वाचे आहेत.

५.२ ‘कचेरी’ आणि ‘कोर्ट’

पाश्चात्त्य देशांतील परगणा-न्यायालयांविषयी तुम्ही वाचले असेल. अमेरिकेतील अनेक लहान गावांत मुख्य चौकात न्यायालयाची इमारत उभी असते आणि गावाची रचनाच तिच्याभोवती झालेली असते. इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्याने लहान रकमांच्या दाव्यांसाठी नवी परगणा-न्यायालये निर्माण झाली. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी मध्यवर्ती स्थान मिळाले ते महसुलाच्या कचेरीला. तिच्यातच खजिना, तिच्यातच पोलीस पहारा आणि कोठडी. न्यायालय तिच्या शेजारी किंवा तिच्या आधाराने उभे राहिले. वसाहतीच्या शासनाला तालुक्यातून प्रथम काय हवे होते, ते या रचनेवरून उघड होते. सारा आधी, न्याय त्यानंतर.

नव्या शासनाने सर्वत्र नव्या इमारती बांधल्या असेही नाही. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या अलिबागेत कान्होजी आंग्र्यांच्या काळातील हिराकोट किल्ल्यात सरकारी कारभार शिरला, आणि आजही तेथे जिल्हा कारागृह आहे. ठाण्याचा किल्लाही असाच तुरुंग झाला. जिंकलेल्या सत्तेच्या वास्तूत बसून राज्य करणे कमी खर्चाचे होते, आणि रयतेला त्याचा अर्थही न सांगता कळत होता.

आजही ग्रामीण बोलीत ‘कचेरी’ म्हणजे तहसील कार्यालय आणि ‘कोर्ट’ म्हणजे न्यायाधीशाचे न्यायालय असा भेद केला जातो. हा भेद पूर्वी इतका स्पष्ट नव्हता. तो कसा स्पष्ट होत गेला, हाच या घटकाचा मध्यवर्ती विषय आहे.

५.३ गोतसभेकडून मुन्सफाकडे

मराठेशाहीत वतन, हद्द, वाटणी यांचे तंटे प्रामुख्याने गोतसभेपुढे चालत. वादी व प्रतिवादी आपापली हकीकत सांगत. त्या निवेदनाला ‘करीना’ म्हणत. निर्णय मान्य करण्याची लेखी कबुली म्हणजे ‘राजीनामा’. आज हा शब्द आपण केवळ पद सोडण्याच्या अर्थाने वापरतो. मूळ अर्थ ‘राजी असल्याचे पत्र’ असा आहे. सभेचा निर्णय ‘महजर’ या दस्तात नोंदवला जाई आणि त्यावर उपस्थित वतनदारांच्या निशाण्या पडत. नांगर ही कुणब्याची निशाणी, तर तराजू ही वाण्याची. न्याय हा गावाच्या साक्षीने होणारा व्यवहार होता. गावात ज्यांना मान नव्हता त्यांना त्या सभेतही मान नव्हता, हे मात्र विसरू नये. गोतसभेचे वर्णन करताना अनेक लेखक हळवे होतात. तो मोह अभ्यासकाने टाळलेला बरा.

१८१८ साली पेशवाई संपली. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने काही काळ पंचायतीची पद्धत चालू ठेवण्याचा प्रयत्न केला. पुढे १८२७ साली त्याच्याच कारकिर्दीत इलाख्यासाठी एकत्रित कायदेसंहिता आली आणि जिल्हा न्यायालये व त्यांच्या हाताखालचे एतद्देशीय न्यायाधिकारी अशी श्रेणी उभी राहिली. या देशी अधिकाऱ्यांना पुढे मुन्सफ, सदर अमीन अशी नावे मिळाली. १८६२ साली मुंबईला उच्च न्यायालय स्थापन झाले. त्यानंतर १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय अधिनियमाने जुनी नावे जाऊन ‘दुय्यम न्यायाधीश’ हे पद आले. त्याचे दोन वर्ग होते. पहिल्या वर्गाच्या न्यायाधीशास दाव्याच्या रकमेची मर्यादा नव्हती. दुसऱ्या वर्गाच्या न्यायाधीशापुढे पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालत.

पाच हजारांची ही मर्यादा आज किरकोळ वाटेल. त्या काळी तालुक्यातील जवळजवळ सगळे जग तिच्या आत बसत होते. सावकाराचे कर्जरोखे, भाताच्या खाचराची हद्द, मिठागराचा हिस्सा, घराची वाटणी, यांतले काहीही सहसा त्या रकमेपलीकडे जात नसे. म्हणून दुय्यम न्यायाधीश पदाने दुय्यम असला, तरी सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने त्याचाच निकाल बहुधा शेवटचा ठरे. अपील करण्यासाठी लागणारा पैसा आणि वेळ फार थोड्यांपाशी होता. लोक मात्र कायदा बदलल्यानंतरही त्याला ‘मुन्सफ’च म्हणत राहिले.

५.४ तालुका एका जिल्ह्यात, न्यायाधीश दुसऱ्या

आता पनवेलच्या इतिहासातील एक गुंतागुंत समजून घेऊ. नवखे अभ्यासक येथेच चुकतात.

पनवेल तालुका आरंभी ठाणे जिल्ह्यात होता. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन त्या जिल्ह्याचा भाग म्हणूनच येते. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, उरण पेट्यासह पनवेल तालुका कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला. कर्जत १८९१ साली त्याच वाटेने गेला. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ पासून रायगड झाले. हा बदल महसुली होता. न्यायदानाच्या बाबतीत संपूर्ण कुलाबा जिल्हा दीर्घ काळ ठाण्याच्या जिल्हा व सत्र न्यायाधीशाच्या अधिकारक्षेत्रात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीची स्थिती हीच होती.

याचा व्यावहारिक अर्थ काय? पनवेलच्या शेतकऱ्याचा सारा ज्या कलेक्टरच्या वहीत जमा होई तो अलिबागेस बसत होता, आणि त्याच्या दाव्याचे अपील ज्या न्यायाधीशाकडे जाई तो ठाण्यास. एकाच जमिनीच्या संबंधातले महसुली कागद एका दिशेला गेले आणि दिवाणी कागद दुसऱ्या दिशेला. तुम्ही पनवेल किंवा उरण तालुक्यातील जुन्या दाव्याचा शोध घेणार असाल आणि केवळ अलिबागेस चौकशी करून ‘कागद नष्ट झाले’ असा निष्कर्ष काढणार असाल, तर थांबा. कदाचित तुम्ही चुकीच्या दारात उभे असाल.

अधिकारक्षेत्राचा आणखी एक नियम एका प्रसिद्ध उदाहरणाने लक्षात राहील. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे झाला. त्यांच्यावरील खटला मात्र १८७९ साली पुण्यास चालला. आरोपी कोठला आहे हे पाहून फौजदारी न्यायालय ठरत नाही. गुन्हा कोठे घडल्याचा आरोप आहे, यावरून ते ठरते. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांनी फडक्यांची बाजू मांडली. फडके १८८३ साली एडनच्या तुरुंगात मरण पावले. त्यांचा तालुका कुलाब्यात गेला तो याच वर्षी.

*स्वयंअध्ययन प्रश्न १ : तुमच्या तालुक्याचा जिल्हा गेल्या दीडशे वर्षांत बदलला आहे काय? बदलला असल्यास न्यायालयाची हद्द त्याच वेळी बदलली की वेगळ्या वेळी?*

५.५ एकाच खुर्चीतील दोन अधिकार

ब्रिटिश काळातील मामलेदार हा केवळ सारा वसूल करणारा अधिकारी नव्हता. त्याला दंडाधिकाऱ्याचे अधिकारही असत. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार दुसऱ्या वर्गाचा दंडाधिकारी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड देऊ शकत असे. बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देण्याचा अधिकारही दंडाधिकाऱ्याला होता. कर आकारणारा, कायदा व सुव्यवस्था राखणारा आणि त्याच कायद्याच्या भंगाबद्दल शिक्षा सुनावणारा असे तीन अधिकार एका कचेरीत, कित्येकदा एकाच माणसाच्या ठायी, एकवटले होते. राष्ट्रीय सभेने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून न्यायखाते कार्यकारी खात्यापासून वेगळे करण्याची मागणी लावून धरली होती, ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी.

ही मागणी केवळ तात्त्विक नव्हती, हे या परिसराने फार मोठी किंमत देऊन पाहिले. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. जंगल कायद्याने गावकऱ्यांचे लाकूडफाट्याचे व चराईचे पूर्वापार व्यवहार गुन्हा ठरवले होते, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात आगरी, कोळी, कातकरी अशा समाजांतील माणसे तो कायदा मोडण्यासाठी अक्कादेवीच्या माळरानावर जमली. पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही ग्रामस्थ ठार झाले. त्याच धुमश्चक्रीत मामलेदार जोशी यांनाही प्राण गमवावा लागला.

या घटनेचा अभ्यास स्वातंत्र्यलढ्याचा एक प्रसंग म्हणून नेहमी केला जातो, आणि तो योग्यच आहे. न्यायसंस्थेच्या अभ्यासकाने मात्र त्या माळावरील मामलेदाराच्या उपस्थितीकडे थोडे अधिक लक्ष द्यावे. जो अधिकारी एरवी कचेरीत बसून दाद ऐकतो, तोच येथे पोलीस तुकडीबरोबर उभा आहे. समोरच्या माणसांनी त्याच्याकडे न्यायाधिकारी म्हणून पाहावे, ही अपेक्षा कशी करता येईल? चिरनेरचा हुतात्मा स्तंभ पाहण्यास तुम्ही गेलात, तर हा प्रश्न सोबत घेऊन जा.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ५० ने न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचे तत्त्व मांडले. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ सालीच कायदा केला. पुढे १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि ‘न्यायदंडाधिकारी’ व ‘कार्यकारी दंडाधिकारी’ हा भेद देशभर प्रस्थापित झाला. तहसीलदार आजही कार्यकारी दंडाधिकारी असतो; परंतु चोरी-मारामारीचा खटला चालवून शिक्षा देण्याचे काम आता त्याचे नाही.

५.६ मामलेदार कोर्टाचे उरलेले काम

जुनी व्यवस्था संपूर्ण पुसली गेली, असे मात्र समजू नका. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आजही अमलात आहे. त्याच्याआधी १८६४ आणि १८७६ साली याच विषयावर कायदे झाले होते, म्हणजे या न्यायालयाची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे.

शेजाऱ्याने बांधावरची वहिवाटीची वाट अडवली किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बंद केला, तर शेतकरी तहसीलदाराकडे या कायद्याखाली दावा दाखल करू शकतो. अट एवढीच की अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आले पाहिजे. तहसीलदार जागेची पाहणी करू शकतो, साक्षी घेतो आणि अडथळा दूर करण्याचा हुकूम देतो. जमीन कोणाच्या मालकीची हा प्रश्न येथे सुटत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते. येथे फक्त प्रत्यक्ष ताबा आणि वहिवाट पाहिली जाते. पेरणीच्या दिवसांत बैल किंवा ट्रॅक्टर शेतात नेता आला नाही, तर मालकीचा दहा वर्षांनी लागणारा निकाल काय कामाचा, असा साधा व्यवहार या कायद्यामागे आहे. वसाहतकाळातील सर्वच कायद्यांकडे संशयाने पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी या छोट्या कायद्याचा अभ्यास अवश्य करावा.

कूळकायद्यामुळे याच कचेरीला आणखी एक भूमिका मिळाली. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. कूळ कोण होते, किती क्षेत्र कसत होते आणि किंमत किती द्यायची, हे ठरवण्याचे काम महसुली अधिकाऱ्यांपुढे चालले. आगरी-कुणबी कुटुंबांतील असंख्य लोकांच्या दृष्टीने आयुष्यातील सर्वांत मोठा निवाडा उच्च न्यायालयात झाला नाही. तो कचेरीतील एका टेबलापुढे झाला. तेथे ज्याचे नाव वहीत लागले तो मालक झाला. ज्याचे नाव तलाठ्याच्या नोंदीत नव्हते, त्याला कसूनही परके राहावे लागले.

५.७ न्यायालयाची मराठी

तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात, म्हणून या भागाकडे विशेष लक्ष द्या. वकील, फिर्याद, कैफियत, मुद्देमाल, मुचलका, दरखास्त, नाझर, शिरस्तेदार, दिवाणी, फौजदारी हा शब्दसंग्रह फारसी-अरबीतून आला आणि मराठेशाही, कंपनी सरकार, ब्रिटिश राज्य व प्रजासत्ताक या चारही राजवटींत टिकला. त्यावर इंग्रजीचा थर चढला: समन्स, वॉरंट, बेलीफ, स्टॅम्प, अपील. त्यानंतर संस्कृताधारित परिभाषा आली: अभियोग, प्रतिज्ञापत्र, न्यायनिर्णय. आजच्या एखाद्या निकालपत्राच्या पानावर हे तीनही थर एकत्र दिसतात. जमिनीचे थर वाचणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञाप्रमाणे ते वाचण्याचा सराव करा.

भाषेबरोबर लिपीचाही प्रश्न येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत खरेदीखते, गहाणखते, साक्षी आणि जबाब मोठ्या प्रमाणावर मोडीत लिहिले जात. मोडी शिक्षणातून गेली आणि एका पिढीत समाज स्वतःच्या कागदांपुढे निरक्षर झाला. कर्जरोख्यावर अंगठा उठवणारा शेतकरी कागद वाचू शकत नसल्याने कसा नाडला जातो, हे महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. आज पदवीधर नातवाचीही मोडी कागदापुढे तीच अवस्था होते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी राज्यभरातील अभिलेख कक्ष उघडले गेले, तेव्हा मोडी वाचणाऱ्या जाणकारांची एकाएकी निकड भासली. अनेक कुटुंबांचे दाखले त्या वाचनावर अवलंबून होते.

५.८ भूसंपादन आणि मुदत

पनवेलच्या न्यायालयीन इतिहासातील सर्वांत अलीकडचा मोठा अध्याय नवी मुंबईचा आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी अधिसूचित झाल्या. संपादन १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखाली झाले. मोबदला कमी वाटल्यास कलम १८ प्रमाणे प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करता येत असे. निवाडा जाहीर होताना हजर असलेल्यास त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत होती. इतरांना नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते.

ही मुदत ज्यांना वेळेवर समजली त्यांना वाढीव मोबदला मागता आला. शेजारच्याच खाचराचा मालक, ज्याने निषेध न नोंदवता पैसे घेतले किंवा नोटीस बासनात गुंडाळून ठेवली, तो तसाच राहिला. १९८४ साली कायद्यात कलम २८-अ घातले गेले आणि एकाला न्यायालयाने वाढ दिल्यास त्याच अधिसूचनेखालील इतरांनाही तीन महिन्यांत अर्ज करून ती मागता येऊ लागली. त्याच वर्षाच्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले होते. विकसित जमिनीतील साडेबारा टक्क्यांची योजना या संघर्षातून उभी राहिली. चोपन्न वर्षांपूर्वी चिरनेरला जंगलाचा प्रश्न होता, येथे शेताचा. दोन्ही ठिकाणी लोक कायद्याच्या चौकटीबाहेर का आले, याचे उत्तर शोधताना आधी त्या चौकटीचे दार किती अरुंद होते, ते मोजून पाहा.

आज पनवेलला जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय भरते. ज्या तालुक्यातून सत्र खटल्यासाठी आणि मोठ्या अपिलासाठी पूर्वी परगावी जावे लागे, तेथे आता ती दाद गावातच मागता येते.

५.९ क्षेत्रकार्य

आपल्या घरातील किंवा नात्यातील किमान पन्नास वर्षांपूर्वीचा न्यायालयीन अथवा महसुली कागद शोधा. मूळ कागद घडीवर फाटत असल्यास तो उलगडताना घाई करू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. त्याचे छायाचित्र घ्या. शिक्का कोणाचा आहे, स्टॅम्प किती किमतीचा आहे, तारीख कोणत्या पद्धतीने लिहिली आहे आणि अधिकाऱ्याचे पद कोणते आहे, हे टिपून ठेवा. कागद मोडीत असल्यास वाचणारा शोधा. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्गही घेतले जातात. त्यानंतर घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला त्या तंट्याविषयी विचारा आणि तिचे सांगणे तिच्याच शब्दांत लिहून घ्या. कागद आणि आठवण यांत फरक आढळला, तर दोन्ही जसेच्या तसे नोंदवा. कोण खरे, हे लगेच ठरवू नका. संपर्कसत्राला येताना ही टिपणे सोबत आणावीत. मूळ कागद घरीच ठेवावा.